जोडधंदा केव्हा बंद करावा? दोह्यातील एका निर्णयाचे धडे



आपल्याकडे चार मराठी माणसे जेवायला एकत्र बसली की नव्या धंद्याचा विषय हमखास निघतो. कुणी पुण्यात भावाबरोबर पोळी-भाजी केंद्र काढलेले असते, कुणी नाशिकला द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये पैसे घातलेले असतात, कुणी मित्राच्या दुकानात भागीदार असतो. धंदा सुरू कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो बंद केव्हा करावा आणि कसा करावा, याविषयी मात्र कुणी बोलत नाही. बंद करणे म्हणजे हरणे, असे आपण मनाशी धरून बसतो. त्यामुळे कित्येक घरांतून दर महिन्याला गुपचूप पैसे जात राहतात.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता आहे, चार्टर्ड अकाउंटंट नव्हे. पण या विषयाची फी मी स्वतःच्या खिशातून भरली आहे. ती हकिकत पुढे सांगणारच आहे. त्याआधी आपल्या दोह्यातलेच एक मोठे उदाहरण पाहू.

अल जझीरा अमेरिका : तीन वर्षांचीही नाही

अल जझीरा ही वाहिनी १ नोव्हेंबर १९९६ रोजी दोह्यात सुरू झाली. तिची इंग्रजी वाहिनी नोव्हेंबर २००६ मध्ये आली. अमेरिकेत केबलवर तिला फारशी जागा मिळाली नाही, पण इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण, म्हणजे ज्याला आज आपण स्ट्रीमिंग म्हणतो, ते कुणालाही फुकट पाहता येत होते. २०११ मध्ये इजिप्तमध्ये उठाव झाला, तेव्हा अमेरिकेतल्या खूप लोकांनी बातम्या पाहण्यासाठी हाच मार्ग धरला.

या यशानंतर कंपनीने अमेरिकेसाठी वेगळी वाहिनी काढायचे ठरवले. जानेवारी २०१३ मध्ये तिने 'करंट टीव्ही' ही वाहिनी विकत घेतली. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर तिच्या संस्थापकांपैकी एक. किंमत सुमारे ५० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. एवढ्या पैशांत मुख्यतः घेतली ती जागा, म्हणजे अमेरिकेतील कोट्यवधी घरांच्या केबलवरचा एक क्रमांक. परंतु विक्री जाहीर होताच टाइम वॉर्नर केबल या मोठ्या केबल कंपनीने करंट टीव्ही दाखवणे थांबवले. पुढे ती कंपनी परत आली, पण सुरुवातीलाच घरे कमी झाली ती झालीच.

'अल जझीरा अमेरिका' २० ऑगस्ट २०१३ रोजी सुरू झाली. शेकडो पत्रकार नेमले गेले. काम दर्जेदार होते, पीबॉडी पुरस्कारही मिळाले. पण रात्रीच्या मुख्य वेळेतही प्रेक्षक सरासरी तीस हजारांच्या आसपासच असत. अमेरिकेतील प्रस्थापित वृत्तवाहिन्यांचे प्रेक्षक त्या वेळी लाखांत मोजले जात होते.

यातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. अमेरिकेत केबल कंपन्या वाहिन्यांना दर घरामागे काही पैसे देतात. साहजिकच, तोच माल इंटरनेटवर फुकट मिळावा हे त्यांना चालत नाही. म्हणून नवी वाहिनी सुरू होताना इंग्रजी वाहिनीचे इंटरनेटवरील थेट प्रक्षेपण अमेरिकेपुरते बंद करण्यात आले. म्हणजे जो प्रेक्षक आपणहून आला होता, त्याच्यासाठी दार लावले आणि जो आला नव्हता, त्याच्यासाठी नवे दुकान मांडले.

दरम्यान तेलाचा भाव घसरला. २०१४ च्या मध्यावर पिंपामागे शंभर डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या आसपास आला. अल जझीराला पैसा कतार सरकारकडून मिळतो. त्यामुळे जोवर घरात सुबत्ता होती, तोवर जोडधंद्याचा तोटा दिसला तरी बोचत नव्हता, तो आता बोचू लागला. १३ जानेवारी २०१६ रोजी वाहिनी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी ती बंद झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये अल जझीराने जगभरातील सुमारे ५०० पदे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतली बहुतेक इथली, कतारमधली होती. जोडधंदा बुडाला की झळ मुख्य घरापर्यंत येते, ती अशी.

अमेरिकन वाहिनी गेल्यानंतर इंग्रजी वाहिनीचे इंटरनेटवरील प्रक्षेपण तिथल्या प्रेक्षकांसाठी पुन्हा खुले झाले. फिरून गाडी मूळ जागी आली.

आणखी दोन उदाहरणे, थोडक्यात

सीएनएनने २९ मार्च २०२२ रोजी 'सीएनएन प्लस' ही स्वतंत्र स्ट्रीमिंग सेवा सुरू केली. काही दिवसांतच तिच्या मूळ कंपनीचे डिस्कव्हरीशी विलीनीकरण पूर्ण झाले. नव्या मालकांना वेगवेगळ्या छोट्या सेवा नको होत्या, सगळे एकत्र हवे होते. २१ एप्रिलला निर्णय जाहीर झाला आणि २८ एप्रिलला सेवा बंद. म्हणजे महिनाभराचेच आयुष्य. त्यावर सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. लोक हसले, पण ज्यांनी वर्गणी भरली होती त्यांना उरलेल्या मुदतीचे पैसे परत देण्यात आले, हेही लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण आपल्या मालिकांचे. व्हायकॉम १८ कंपनीची 'व्हूट' सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. कलर्स मराठीच्या मालिका आणि मराठी बिग बॉस अनेकांनी तिथेच पाहिले. त्याच समूहाकडे जिओसिनेमाही होते. एकाच मालकाची एकाच आळीत दोन दुकाने कशाला? ऑगस्ट २०२३ मध्ये व्हूट जिओसिनेमात विलीन झाले. पुढे जिओसिनेमा व डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार झाले. इथे दुकान गेले, पण माल आणि गिऱ्हाईक दोन्ही पुढच्या दुकानात नेले गेले.

आता माझा हिशेब

अभियांत्रिकी महाविद्यालयातील माझा एक मित्र सांगलीत नववी-दहावीचे क्लास घेतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्ही दोघांनी भागीदारीत एक अॅप काढले. शिकवायचे त्याने, सॉफ्टवेअर मी दोह्यातून लिहायचे. रेकॉर्ड केलेले तास मुलांनी मोबाइलवर पाहायचे, वर्षाची फी ३,००० रुपये.

पहिल्या वर्षी ६४० मुले आली, दुसऱ्या वर्षी ४८०. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. पण आम्हाला वाटले, आता शिक्षण कायमचे मोबाइलवर गेले. दोन वर्षांत जी शिल्लक पडली, ती आम्ही कॅमेरे, स्टुडिओची खोली आणि अकरावी-बारावीचे चित्रीकरण यांत घातली. वर माझे स्वतःचे सहा लाख घातले. तिसऱ्या वर्षी शाळा पूर्ववत सुरू झाल्या होत्या. मुले आली १५०. चौथ्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, ६२.

खर्च मात्र मुलांच्या संख्येबरोबर उतरत नाही. सर्व्हर, व्हिडिओ साठवण्याचे भाडे, खोलीचे भाडे, संकलन करणारा एक मुलगा आणि फोन घेणारी एक बाई मिळून महिन्याला ६२,००० रुपये. वर्षाचे झाले ७,४४,०००. तिसऱ्या वर्षी जमा ४,५०,०००, म्हणजे तूट २,९४,०००. चौथ्या वर्षी जमा १,८६,०००, म्हणजे तूट ५,५८,०००. महिन्याला साधारण दोन हजार रियाल. मित्राच्या क्लासला त्या वेळी पैशांची ओढ होती, म्हणून ही रक्कम मी पगारातून पाठवत होतो.

वेळेचा खर्च मी वहीत कधी मांडलाच नाही. भारताचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिकडे सकाळी सात वाजता 'व्हिडिओ उघडत नाही' म्हणून फोन आला की इथे पहाटेचे साडेचार. मुलांच्या चाचण्या रविवारी, तो आपला कामाचा दिवस. वर्षभर नीट झोप झाली नाही आणि पस्तिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झाली. कारण एकच असेल असे नाही, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचाच विचारला होता.

तरीही मी बंद करत नव्हतो. मनात एकच वाक्य, 'एवढे घातले आहेत, आता कसे सोडायचे?'

२०२३ च्या दिवाळीत सांगलीला गेलो, तेव्हा आईकडून कळले की बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितली होती. बाबा 'थंडी संपू दे', 'पावसाळा जाऊ दे' म्हणत पुढे ढकलत होते. त्यांना ठाऊक होते की मी अॅपसाठी पैसे पाठवतो आहे. मुलाची ओढाताण होऊ नये म्हणून ते जिन्याला हात धरून, एकेक पायरी थांबत चढत होते. शस्त्रक्रियेचा खर्च माझ्या दोन वर्षांच्या तुटीपेक्षा कमी होता.

दोह्याला परतल्यावर बायकोने वही काढून समोर ठेवली आणि एक प्रश्न विचारला. "समज, हे अॅप मुळात नाहीच. आज तुला कुणी येऊन सांगितलं, की महिन्याला दोन हजार रियाल दे आणि साठ मुलांना शिकव, तर तू देशील का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग कालचे पैसे गेले म्हणून उद्याचे का द्यायचे?"

अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. जो पैसा काहीही केले तरी परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. हे मी पुस्तकात वाचले होते. तरी स्वतःच्या वहीला लावायला दोन वर्षे लागली.

बंद करण्याची रीत

मित्राला फोन केला. तो चिडला. "तू तिकडे बसून बंद कर म्हणतोस. पालकांना तोंड मला दाखवायचंय." त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून जानेवारीत चार दिवसांची रजा काढून गेलो आणि पालकांची सभा दोघांनी मिळून घेतली. एका आईने विचारले, "परीक्षा दोन महिन्यांवर आलीय, माझ्या मुलाने आता काय करायचं?" आम्ही सांगितले, की दहावीची परीक्षा संपेपर्यंत एकही व्हिडिओ बंद होणार नाही, पुढच्या वर्षाचे प्रवेश मात्र घेणार नाही.

डिसेंबरपासूनच नवे चित्रीकरण थांबवून खोली सोडली होती. संकलन करणाऱ्या मुलाला एक महिन्याचा जादा पगार, १८,००० रुपये दिला आणि त्याला दुसरे काम पाहून दिले. सर्व्हर आणि फोन एवढेच चालू ठेवले. महिन्याचा खर्च २७,००० वर आला, मार्चपर्यंतच्या चार महिन्यांचे १,०८,०००. नववीच्या अकरा मुलांनी दहावीची फीही आगाऊ भरली होती, ती ३३,००० रुपये परत केली. कॅमेरे वगैरे विकून ९०,००० आले. हत्ती विकला, पण निदान त्याच्या चाऱ्याचे देणे कुणाचे ठेवले नाही.

रेकॉर्ड केलेले तास वाया गेले नाहीत. मित्र आता क्लासमध्ये गैरहजर राहिलेल्या मुलांना तेच दाखवतो. त्याचा मुख्य धंदा ठीक चालला आहे आणि आमची मैत्रीही टिकली आहे. बाबांची शस्त्रक्रिया जून २०२४ मध्ये झाली. परवा फोनवर सांगत होते, की गच्चीतल्या कुंड्यांना आता तेच पाणी घालतात.

यावरून घेण्यासारखे पाच धडे

१. मुख्य आणि जोड यांत भेद करा. ज्यावर घर चालते तो मुख्य धंदा, आपल्या बहुतेकांची इथली नोकरी. इथला रहिवासी परवाना नोकरीशी बांधलेला आहे. जोडधंद्यामुळे नोकरीतले लक्ष उडत असेल, तर तोटा वहीत दिसतो त्याहून मोठा आहे.

२. असलेले गिऱ्हाईक तोडून नवे शोधू नका. अल जझीराने आपल्या इंटरनेटवरील प्रेक्षकासाठी दार लावले. माझा मित्र स्टुडिओत अडकल्यामुळे क्लासमधील मुलांना कमी वेळ देत होता. जोडधंद्याने मुख्य धंद्याला हातभार लावला पाहिजे, त्याचे खाऊन जगता कामा नये.

३. तेजीतल्या आकड्यांवर कायमचा खर्च वाढवू नका. २०२०-२१ ची गर्दी शाळा बंद असल्यामुळे होती, आमच्या गुणांमुळे कमी. गर्दी का झाली याचे कारण शोधा आणि ते कारण उद्या राहणार आहे का, ते पाहा.

४. थांबण्याची रेघ आधी आखा. धंदा सुरू करतानाच लिहून ठेवा, की अमुक तारखेपर्यंत अमुक गिऱ्हाईक न झाल्यास किंवा अमुक रकमेपुढे तोटा गेल्यास बंद. हा कागद भागीदाराच्या आणि घरच्यांच्या सहीचा असावा. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्याप्रमाणे, एक वर्ष किंवा अधिक सेवा झालेल्या कामगाराला सेवा संपताना दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांचे मूळ वेतन मिळते. ही रक्कम परतीच्या संसारासाठी आहे. ती जोडधंद्याच्या तुटीत धरू नये.

५. पैसे शिल्लक असतानाच बंद करा. फी परत करायला, कामगाराचा पगार द्यायला आणि कागदपत्रे पुरी करायला पैसा लागतो. सगळे संपल्यावर बंद करणारा गिऱ्हाइकाचे पैसे आणि स्वतःचे नाव दोन्ही घालवतो.

कागदपत्रांविषयी महत्त्वाचे

आपल्यापैकी अनेकांचे गावाकडचे धंदे भागीदारी संस्थेच्या स्वरूपात असतात. अशा संस्थेत भागीदाराचे दायित्व अमर्याद असते, म्हणजे संस्थेचे कर्ज तुमच्या घरापर्यंत येऊ शकते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, संस्था विसर्जित केल्यावर जाहीर सूचना देईपर्यंत एका भागीदाराने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी दुसऱ्यावरही राहू शकते. संस्था नोंदणीकृत असेल, तर ही सूचना निबंधकाकडे, राजपत्रात आणि एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. आपण दूर राहतो, म्हणून हे विशेष सांभाळावे. नुसते 'बंद केले' असे फोनवर ठरवून भागत नाही.

जीएसटी नोंदणी असल्यास ती रद्द करून घ्यावी आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत शेवटचे विवरणपत्र भरावे. बँकेतील चालू खाते, भाड्याचा करार, सर्व्हरची वर्गणी आणि कार्डावरून आपोआप कापले जाणारे पैसे यांची यादी करून एकेक बंद करावे. हे काम तिथल्या सनदी लेखापालाच्या सल्ल्यानेच करावे.

शेवटी

या महिनाअखेरीस पगार झाला की घरातली वही काढा. जोडधंदा असेल तर तो, नसेल तर दर महिन्याला कशासाठी तरी नेमाने जाणारे पैसे एका पानावर मांडा. प्रत्येकासमोर तोच प्रश्न लिहा. हे आज नसते, तर आज सुरू केले असते का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल चालू ठेवा. 'नाही' असेल तर तारीख ठरवा. आणि एक काम अवश्य करा. आईवडिलांना फोन करून विचारा, की तब्येतीचे काही पुढे ढकलले आहे का. ते आपणहून सांगणार नाहीत.